कॅसेट मागे घेताना

बॅप्टिस्टने शूटिंगचा धंदा आवरला नसता, तर यशोदेला मरेपर्यंत काही कळलं नसतं आणि ती स्वतःला सरळ बाई समजतच वर गेली असती. पण दोन हजार साल उजाडलं, बॅप्टिस्टच्या मुलाने घरात सीडीचं खूळ आणलं आणि बॅप्टिस्टने कपाटं रिकामी करायला काढली. जुन्या लग्नांच्या मूळ कॅसेटी तो ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या करू लागला. असाच एका दुपारी तो बोळींजला दिवाकर सावेंच्या पडवीत येऊन बसला.

"रुचिताच्या लग्नाची हाय," पिशवीतून कॅसेट काढत तो दिवाकरला म्हणाला. "एडिटिंग नाय केलेली. फुलं, बदाम, गाणी काय नाय हिच्यात. पन तुमची आई हाय. मी चहाला गेलो आनि कॅमेरा माजघरात स्टँडवर चालूच राहिला. अर्धा तास टेप फुकट गेली म्हणून तेव्हा स्वतःला शिव्या घातल्या. म्हातारी समोरच बसलीय. बघा, चेहरा चांगला दिसला तर फोटो काढून देतो. दुसरी कॉपी नाय हां, ही एकच."

दिवाकरचा चेहरा उजळला. आईचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं आणि भिंतीवर लावायला धड फोटो नव्हता. म्हातारीला कॅमेऱ्याचं वावडं. कुणी फोटो काढायला लागलं की पदर तोंडावर. तिचा एकुलता एक फोटो निवडणुकीच्या ओळखपत्रावर होता आणि त्यात ती नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसत होती. तो मोठा करून भिंतीवर लावला असता तर श्राद्धाला आलेली मुलं रडली असती.

दिवाकरला केळीचे घड उतरवायला वाडीत जायचं होतं. तो बायकोला म्हणाला, "तू बघून ठेव. चांगली दिसली की तिथंच थांबव. मी आलो की बघतो."

म्हणून यशोदा रिमोट घेऊन एकटीच टीव्हीसमोर बसली.

आता ती काय बघणार होती हे समजायचं तर आधी ठुशीचं सांगायला हवं. यशोदेच्या सासूची एक ठुशी होती. जुनी, टपोऱ्या मण्यांची, गळ्यालगत बसणारी. सासूने ती नातीला, म्हणजे यशोदेच्या रुचिताला, लग्नात घालायला दिली. दिवाकरची धाकटी बहीण मनोरमा, उमेळ्याला दिलेली, तिचा त्या ठुशीवर लहानपणापासून जीव होता. आई ती आपल्यालाच देणार असं ती एकदा हसत हसत म्हणाली होती. हसत हसत म्हटलेलं सगळ्यांनीच लक्षात ठेवलं.

लग्न अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात दारच्या मांडवात झालं. दुसऱ्या दिवशी दागिने आवरताना ठुशी नाही. घर पालथं घातलं. माळा, कणगी, गाद्या, अगदी कोथिंबिरीच्या जुड्यासुद्धा सोडल्या. पाचपरतावनाला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली रुचिता म्हणाली, "आई, डोकं जरा रिवाइंड कर ना. त्या सकाळपासून काय काय केलंस ते एकेक आठव."

यशोदेने डोळे मिटले आणि केलं रिवाइंड. ठुशी रुचिताच्या गळ्याला टोचत होती म्हणून आपण काढली. हो. ती दागिन्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. हो, अगदी झाकण लावल्याचा आवाजसुद्धा आठवतोय. मग हाक आली म्हणून आपण बाहेर गेलो. तेव्हा डब्यापाशी कोण होतं? मनोरमा. एकटी. तिथे यशोदेचं डोकं थांबलं ते थांबलंच. पुढेही जाईना, मागेही येईना.

अजून पाहुणे पांगले नव्हते. भर अंगणात, चार बायकांसमोर यशोदेने नणंदेला विचारलं, "मनोरमा, आईंची ठुशी तुझ्याकडे आली का गो?" विचारण्याची तऱ्हाच अशी होती की उत्तराची गरज उरली नाही. मनोरमा पांढरीफटक पडली. "वहिनी, मी आईच्या पायावर हात ठेवून सांगते," म्हणून ती आत निघाली, तेव्हा दिवाकरने तिला अडवलं. "आईला यात ओढू नकोस. तिला सोसायचं नाही." मनोरमा त्याच पावली उमेळ्याला गेली. जाणं-येणं तुटलं.

पुढच्या जानेवारीत सासू अंथरुणाला खिळली. "मनू आली का गो?" एवढंच दिवसभर. तेव्हा यशोदेने मनोरमाच्या नवऱ्याकडे, विलासकडे, निरोप धाडला. खुशाल ये. पण आधी आईंच्या पायावर हात ठेवून म्हण की ठुशी माझ्याकडे नाही. मग हवी तेवढी बस उशाशी.

मनोरमा आली नाही. जी मे महिन्यात आपण होऊन शपथ घ्यायला धावली होती, ती जानेवारीत आई मरायला टेकली तरी आली नाही. म्हातारी तिचं नाव घेत घेत गेली. अंत्ययात्रेच्या दिवशी मनोरमा आली, पण वाडीच्या कडेला केळीपाशीच उभी राहिली. आईच्या मढ्याच्या पायालासुद्धा तिने हात लावला नाही. सगळ्या बोळींजने ते पाहिलं. दिवाकरच्या चुलत्यांनी, आत्मारामकाकांनी, तर ते गावभर केलं. त्यानंतर ज्यांना थोडी शंका होती त्यांनीही मान डोलावली. दिवाकर तेव्हापासून बहिणीचं नाव काढीत नव्हता.

तर यशोदा टीव्हीसमोर बसली होती.

पडद्यावर माजघर आलं. कोपऱ्यात सासू, भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडे. मध्ये रुचिता, तिच्याभोवती बायका. ट्रंकेवर ब्लाउजपिसांची उतरंड. ब्लाउजपीस ही वस्तू शिवण्यासाठी नसतेच, हे कुठल्याही बाईला विचारा. एकीने ओटीत घातला की दुसरीने तो ट्रंकेत जपायचा आणि तिसरीच्या ओटीत पुढे ढकलायचा. आपणच दिलेला तीन वर्षांनी घडीसकट आपल्याकडे परत आला तरी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

यशोदेने कॅसेट भरभर पुढे नेली. आवाज नाही, नुसती लगबग. एकदम सासूने तोंड वळवलं, कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. "थांब, थांब!" यशोदा मोठ्याने म्हणाली. पण बटण दाबेपर्यंत कॅसेट बरीच पुढे गेली होती. मग तिने चित्र चालू ठेवूनच रिवाइंड दाबलं.

आणि तिला हसू फुटलं. सगळी माणसं उलटी चालत होती. मनोरमा पाठमोरीच दारातून आत आली आणि समोर येऊन उभी राहिली. तिच्या पदरातले तांदूळ उडून यशोदेच्या ओंजळीत गेले. नारळ वर आला. मग मनोरमाच्या पदरातून एक पोपटी ब्लाउजपीस उठला, यशोदेच्या हातात गेला आणि ट्रंकेवरच्या उतरंडीच्या माथ्यावर जाऊन बसला. यशोदा पदर तोंडाला लावून हसत होती. पडद्यावरची यशोदा उलट्या पावलांनी बाहेर गेली, परत उलटी आत आली. तिने माथ्यावरचा तोच पोपटी ब्लाउजपीस उचलला आणि त्याची घडी उलगडली. आत ठुशी होती. ती तिने घेतली आणि रुचिताच्या गळ्यात बांधली.

यशोदेचं हसू तोंडातच राहिलं. आपण काय पाहिलं हे तिला आधी समजलंच नाही.

तिने कॅसेट पुढे घेतली. सरळ. ठुशी गळ्यातून काढली. डबा कुठेच नव्हता. तो स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणाचा आवाज तिला आठवत होता, तो त्या खोलीतच नव्हता! तिने हाताला लागला तो ब्लाउजपीस घेतला, ठुशी त्यात गुंडाळली, कुणाला दिसू नये म्हणून नीट चौकोनी घडी घातली आणि उतरंडीवर ठेवली. बाहेरून कुणी तरी हाक मारली. ती गेली. परत आली तेव्हा घाई. समोर मनोरमा, आत्याचा मान म्हणून ओटी भरायची. वरचा ब्लाउजपीस उचलला, तिच्या पदरात टाकला, त्यावर नारळ, त्यावर तांदूळ. मनोरमाने वाकून तिला नमस्कार केला. तिने तोंडभर आशीर्वाद दिला.

मागे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. सात-आठ वेळा तरी तिने ते पाहिलं. दर वेळी तिला वाटत होतं, या खेपेला हात दुसऱ्या ब्लाउजपिसावर जाईल. हात त्याच ब्लाउजपिसावर जात होता. तिचाच हात, तिच्याच हिरव्या बांगड्या.

"मी," ती म्हणाली. घरात कुणी नव्हतं. "अगं बाई, मी!"

दोन वर्षं. भर अंगणात. आणि त्या म्हातारीची ती हाक, "मनू आली का गो?" आणि आपण दर वेळी तिला सांगत होतो, "तिला वेळ नाही हो आई." यशोदेला भडभडून आलं.

एवढ्यात वाडीचं फाटक वाजलं. दिवाकर येत होता.

त्यानंतर तिने जे केलं ते विचार करून केलं असं कुणी म्हणू नये. पण केलं तिनेच. तिने मशीनमधून कॅसेट काढली, पुढची पट्टी उघडून टेप ओढली, हातभर, दोन हात, वावभर, आणि शिवणाच्या कात्रीने कापली. परसात अंघोळीचा बंब पेटलेला होता. त्यात तो गुंता कोंबला. टेप चुरचुरली आणि घाण काळा धूर निघाला. दिवाकर पडवीत पाय धुवेपर्यंत ती परत टीव्हीसमोर होती.

"सापडली का आई?"

"मशीनने टेप खाल्ली हो," यशोदा म्हणाली. "सगळी गुरफटली. तेवढाच भाग गेला."

दिवाकर मटकन खाली बसला. "आई होती ना गं त्यात?"

"होती." तिला त्याच्याकडे बघवेना. "हसत होती." सासूचं ते एकमेव हसूही आपण बंबात घातलं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

रात्रभर तिला सासूची हाक ऐकू येत राहिली. सकाळी बहिणीकडे जाते असं सांगून ती एसटीने वसईला आणि तिथून रिक्षाने उमेळ्याला गेली. ठरवलं होतं एवढंच की मनोरमाचे पाय धरायचे, आणि ट्रंकेतून तो पोपटी ब्लाउजपीस काढून घ्यायचा. मनोरमा तो शिवणार नाही, याची तिला खात्री होती. कोण शिवतं?

मनोरमाच्या वाडीचं कुंपण अर्धं उरलं होतं, पलीकडे चार मजल्यांचा सांगाडा उभा राहत होता. मनोरमा पडवीत पानं पुशीत बसली होती. विड्याच्या पानांची एकावर एक चवड. वहिनीला पाहून ती उठली नाही.

"बस," ती म्हणाली. "पानी देऊ?"

यशोदा बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगून टाकलं. बॅप्टिस्ट, कॅसेट, पोपटी ब्लाउजपीस. "तुझ्याच ट्रंकेत असेल गो. तू घडी मोडली नसशील. तुला ठाऊकच नाही. मीच घातली तुझ्या ओटीत. या हाताने!"

मनोरमा ऐकत होती. पानाचा ओला फडका तिच्या हातात तसाच राहिला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

यशोदेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"श्रावणात सापडली. मंगळागौरीला शेजारच्या सुनेची ओटी भरायला म्हणून ट्रंक उघडली. ब्लाउजपीस जड लागला. उघडला तर आत आईची ठुशी." मनोरमाचा आवाज अगदी सपाट होता. "मी तिथंच खाली बसले वहिनी. दिवसभर बसले. परत आणून दिली असती तर तू काय म्हणाली असतीस? 'बघा, हिच्याकडेच होती, पचली नाही म्हणून आणली.' म्हणाली असतीस की नाय?"

यशोदा अगदी हेच म्हणाली असती. याच शब्दांत.

"यांना सांगितलं. हे म्हणाले, खाडीत टाक. आईच्या गळ्यातली खाडीत कशी टाकू?" मनोरमाने फडका खाली ठेवला. "आणि जानेवारीत तुझा निरोप आला. पायावर हात ठेवून म्हण, ठुशी माझ्याकडे नाही. वहिनी, ठुशी माझ्याकडे होती! मरणाऱ्या आईच्या पायावर हात ठेवून खोटं कसं बोलू? तूच सांग ना. मे महिन्यात मी म्हणत होते तेव्हा दादाने बोलू दिलं नाय. आणि तू बोलायला बोलावलंस तेव्हा माझं तोंड बांधलेलं. तिच्या मढ्याला हात लावायची पण माझी छाती झाली नाय."

यशोदा भिंतीला धरून खाली बसली. म्हणजे चोर ठरवलं ते एकदा, आणि आईपासून तोडलं ते पुन्हा, दोन्ही तिच्याच हाताने. तिला रडूही येईना.

मनोरमा मात्र एकदम तिच्याकडे सरकली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत जीव आला होता. "पण कॅसेटमध्ये दिसतंय म्हणालीस ना? सगळं? तू गुंडाळलंस ते, माझ्या ओटीत घातलंस ते?"

"सगळं."

"दादाने बघितलं?"

यशोदेने मान हलवली. नाही.

"मग दाखव ना! श्राद्धाला सगळे जमतील. टीव्ही पडवीत लावा. मी येते. सगळ्यांसमोर लाव, वहिनी. आत्मारामकाकांना पुढे बसव. त्यांनीच गावभर केलं होतं." ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मला वाटलं होतं आता मरेपर्यंत असंच. देवा रे! कॅसेट आहे!"

"मनोरमा," यशोदा म्हणाली. "मी ती जाळली."

पलीकडच्या इमारतीवर कुणी तरी सळ्या टाकत होतं. मनोरमा ओरडली नाही, शिवी दिली नाही. आत गेली आणि ठुशीसकट पोपटी ब्लाउजपीस आणून वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"मी सांगेन," यशोदा म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगेन. माझ्या तोंडाने. तू ये फक्त."

मनोरमा आली. श्राद्धाच्या दिवशी ती विलासबरोबर मागच्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा पंगत बसायची होती. कुजबुज सुरू झाली. दिवाकर ताठ झाला. यशोदा पुढे आली, नणंदेचा हात धरून तिला मध्ये आणलं आणि ठुशी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"ही मीच मनोरमाच्या ओटीत घातली होती," ती म्हणाली. ब्लाउजपीस, ट्रंक, हाक, घाई, सगळं सांगितलं. "तिने चोरली नाही. मी आंधळी झाले होते. मी कॅसेटमध्ये बघितलं, माझ्या डोळ्यांनी."

"कुठंय कॅसेट?" आत्मारामकाकांनी विचारलं.

"मी जाळली. लाज वाटली म्हणून."

दिवाकर तिच्याकडे बघत होता. "मशीनने खाल्ली म्हणाली होतीस ना?"

"खोटं बोलले."

आत्मारामकाकांनी उपरण्याने डोळे पुसले. "दिवाकर," ते म्हणाले, "अशी बायको मिळायला नशीब लागतं रे. नणंदेची अब्रू झाकायला बाई स्वतःवर घेते आहे. ठुशी कुणाच्या घरून आली ते दिसतंय सगळ्यांना. दोन वर्षं गप्प कोण बसलं तेही दिसतंय."

"नाही हो काका!" यशोदा किंचाळली. "मी झाकत नाही काही! मीच केलं! माझ्या हाताने!"

"बरं बरं," कुणी तरी म्हणालं. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावले. दिवाकरला गहिवरून आलं होतं. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे यशोदे. तुझं मन मोठं आहे. मला कळतं." आणि तो बहिणीकडे वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "मनू, जाऊ दे. आणलीस ना परत? आईच्या दिवशी आणलीस. झालं. मी माफ केलं तुला."

यशोदा एकेकाच्या तोंडाकडे बघत सुटली. सगळ्यांचे चेहरे कौतुकाने भरलेले. "तिला कसली माफी?" ती म्हणत होती. "अहो, ऐका ना! खरं सांगते मी, ऐका तरी!" आणि ती जितकं सांगत होती तितकी ती त्यांच्या नजरेत थोर होत होती.

तिने मनोरमाचे पाय धरायला वाकून पाहिलं, तर बायकांनीच तिला धरून उठवलं.

मनोरमा जागची हलली नव्हती. पंगतीची हाक झाली, माणसं वळली, तेव्हा ती वहिनीच्या कानाशी आली. आवाजात राग नव्हता.

"बघितलंस ना वहिनी," ती म्हणाली. "खरं सांगूनसुद्धा कुणी ऐकत नाय, तेव्हा कसं वाटतं ते."